सेल क्रमांक तीन घेऊन जऊळक्यापर्यंत

प्रवासाला निघताना लोक शिदोरी घेतात, पांघरूण घेतात. मी यंदाच्या जानेवारीत चार दिवसांच्या प्रवासाला निघालो तेव्हा या दोन्हींशिवाय माझ्याजवळ सोळा किलो वजनाचा बॅटरीचा एक सेल होता, गोणपाटात गुंडाळलेला. तो का होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमचं गाव कामरगावपासून दोन कोस आत आहे. विजेचे खांब कामरगावपर्यंत आले आणि तिथं थांबले. आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. यंदा मॅट्रिकला बसणारी अकरा मुलंमुली तिथं येतात, त्यांत माझी मुलगी सुजाता आहे. दीक्षेला अठरा वर्षं झाली, पण एका वर्षी अकराजण मॅट्रिकला बसल्याचं आमच्या वस्तीत यापूर्वी झालं नव्हतं. एका कंदिलाभोवती चौघं, अशा उजेडात ती वाचत.

दिवाळीनंतर मी विहाराच्या समितीला एक योजना सांगितली. रेल्वेच्या डब्याखाली दिव्यांसाठी जे मोठे सेल असतात, त्यांतले जुने सहा सेल अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडून आणायचे. विहारामागं बत्तीस पावलांवर किसनबापूंची विहीर आहे. तिच्यावरचं ऑइल इंजिन गव्हाच्या पाण्यासाठी रोज चार तास चालतं. त्याला पट्ट्यानं ट्रकचा जुना डायनॅमो जोडायचा. दिवसा सेल भरतील, संध्याकाळी तीन बल्ब जळतील. समितीनं माझ्या शब्दावर हो म्हटलं.

बल्ब लागले. महिनाभर नीट चालले. मग दीड तासात लाल पडू लागले. मी गावचा सरकारी पर्जन्यमापक वाचणारा माणूस आहे, पावसाचा आकडा रोज लिहितो. तसाच सेलचाही लिहीत होतो. सेलमधलं तेजाब काचेच्या पिचकारीत ओढलं की आत एक तरंगणी असते. साध्या पाण्यात ती हजार दाखवते. सेल भरत जाईल तसं तेजाब जड होतं आणि आकडा चढतो. आमचे सेल अकराशे पासष्टच्या वर चढत नव्हते. डायनॅमो बसवून देणाऱ्या ट्रकच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं की भरलेला सेल बाराशे साठ दाखवतो.

अध्यक्ष दौलतराव सभेत म्हणाले, "आबाजी, तुमचे सेल मेले. शनिवारी भंगारवाला येते. त्याले देऊन टाकू अन् एक गॅसबत्ती आणू."

"गॅसबत्तीखाली अकरा पोरं बसतीन, पण तिच्या सूं-सूं आवाजात वाचतीन कशी?" मी म्हटलं.

"अंधारात तरी कशी वाचतीन?"

मी शनिवारी दुपारपर्यंतची मुदत मागितली. माझं म्हणणं असं होतं की दोष सेलचा नसून रेग्युलेटरचा असावा. डायनॅमोतून सेलकडं वीज किती जाऊ द्यायची आणि कधी आवरायची हे ठरवणारी ती डबी. आमची डबी ट्रकची होती. योग्य डबी शोधायला मी निघालो. सहांपैकी तिसरा सेल सर्वांत वाईट समजला जाई, तोच नमुना म्हणून घेतला. वही घेतली. सुजातानं भाकरी बांधून देताना विचारलं, "बाबा, वही कायले नेता?"

"आकडे दाखवाले लागतीन."

"माह्येवालेही दाखवजा," ती म्हणाली. बाजाराच्या दिवशी मी घरी नसे, तेव्हा मोजणी ती करी. तिचे आकडे माझ्या आकड्यांशी कधी जुळत नसत. ते मी लाल शाईनं खोडले होते.

कारंजा, मंगळवार

कामरगावला एस.टी.त चढताना कंडक्टरनं पोत्याला पायानं ढोसलं. "काय हाय जी ह्यात?"

"बॅटरी."

"ट्रॅक्टरची?"

"रेल्वेची."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सामानाचं तिकीट फाडलं. रेल्वेची बॅटरी एस.टी.त कशाला, हे विचारायची त्याला सवड नव्हती. मी सेल दोन पायांच्या मध्ये उभा धरून बसलो.

कारंज्याच्या अलीकडं कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. मी एकशे सात गाड्या मोजल्या, पुढं बस वळली. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लोंबत होता, जशी झाडंच पिकली आहेत. आमच्या बाजूला कापूस पडला तर मागून येणारी बाई उचलून पदराच्या ओट्यात घालते. इथं इतका पडतो की कोणी वाकत नाही.

मोटारींच्या वायरिंगचं काम करणारं एक मोठं दुकान गाठलं. मालकानं सेलकडं न पाहताच फळीवरून नवी कोरी डबी काढली. "हे घ्या. बत्तीस अँपिअर. तुमची बावीसची असन. म्हणून सेल भरत नाही."

"ही किती व्होल्टवर हात आखडते?"

"अँपिअर पाहा ना बापा, व्होल्टचं काय घेऊन बसले?"

मी माझी जुनी डबीही सोबत आणली होती. त्यांच्या दुकानात चाचणीची मोटर होती. म्हटलं, दोन्ही लावून दाखवा. त्यांना ते आवडलं नाही, पण गिऱ्हाईक समोर होतं. जुनी डबी साडेतेरा व्होल्टच्या जरा वर गेली की वीज कमी करू लागली. नवी तिच्यापुढं एका दशांशानं गेली आणि तीही तेच करू लागली.

"तोंड मोठं हाय, पण जेवण तेवढंच करते," मी म्हटलं.

मालक हसले. "मास्तर हा काय तुमी?"

"नाही. शेती आहे सात एकर."

"मंग इतकं मोजून कोण राह्यते शेतीत?" त्यांनी डबी परत फळीवर ठेवली. चहा मात्र पाजला, हे लिहिलं पाहिजे.

मंगरूळपीर

इथं फक्त बस बदलायची होती, पण दोन गोष्टी घडल्या.

थांब्यावरच्या हॉटेलात चहा मागितला. पोऱ्या गाव विचारून गेला, मग मालक स्वतः आला आणि "कोणाचे?" म्हणाला. मी सांगितलं. त्यानं भिंतीच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप काढला. मी म्हटलं, "सगळ्यांना काचेच्या गिलासात देता, मलेही त्यातच द्या. नसन जमत तर नको." तो हातातला कप पुसू लागला. बाकावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं स्वतःचा गिलास खाली ठेवला आणि म्हणाला, "दे ना रे. दिवस पाहून राह्यला का पंचांगात?" गिलासात चहा आला. मी सावकाश प्यालो. आमच्या कामरगावात हा प्रश्न गेली सहा वर्षं उद्भवलेला नाही, कारण तिथं आम्ही तो सहा वर्षांपूर्वी एकदाच सोडवला.

दुसरी गोष्ट वाशीमच्या बसमध्ये. रस्ता असा होता की डोकं टपाला लागे. सेलचं बूच सैल झालं ते मला कळलं नाही. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला.

"काहून जी, कशाचा वास हाय हा? पोत्यात बकरू हाय का?"

खाली पाहिलं तर गोणपाट ओलं आणि माझ्या धोतरावर ठिपके. मी सोबत धुण्याचा सोडा घेतलेला होता, तेजाब सांडलं तर तो टाकावा लागतो. पोत्यावर आणि बसच्या फळ्यांवर टाकला. फसफस फेस आला. बाईनं पाय वर घेतले. "बापा, हे तं शिजून राह्यलं."

बूच घट्ट केलं. सांडलं होतं अर्ध्या वाटीहून कमी, पण धोतराला तेवढंही पुरतं. वाशीमला उतरेपर्यंत ठिपक्यांची भोकं झाली. मी मोजली, चौदा होती.

वाशीम, मंगळवार संध्याकाळ आणि बुधवार

माझा मावसभाऊ रामदास वाशीमला नोकरीला आहे. त्याच्या दोन खोल्यांत चार बल्ब. कोणी नसलेल्या खोलीतला बल्बही जळत होता. मी उठून बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा कोणी लावला, मी पुन्हा बंद केला.

"दादा, राहू दे ना," रामदास म्हणाला. "इथं तारेतून येते."

"आमच्याकडं विहिरीतून येते," मी म्हटलं. त्याच्या बायकोला ते इतकं आवडलं की तिनं ते शेजारणीला जाऊन सांगितलं. तिनं ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी केली होती. आमच्याकडं त्यात वांगं घालतात, तिनं नुसते सोले ठेचून, लसूण जास्त घालून पातळ केली होती. चव चांगली होती. पण वांगं पाहिजे, हे माझं मत कायम आहे.

बुधवारी सकाळी पद्मतीर्थाच्या बाजूच्या गल्लीत बॅटऱ्या भरून देणाऱ्या एकाकडं गेलो. अंधाऱ्या खोलीत बॅटऱ्यांची रांग, बुडबुड्यांचा आवाज आणि खोकला आणणारी हवा. तो पंचविशीतला, कमरेला रबरी पट्टा बांधलेला. त्याचा सल्ला सरळ होता.

"रेग्युलेटर फेकून द्या. डायनॅमोतून डायरेक्ट तार जोडा. बुडबुडे आले की काढा."

"अन् इंजिन बंद झाल्यावर तार जोडलेली राह्यली तर?"

"मंग बॅटरी उलटी डायनॅमोले फिरवाले पाहीन. वीज परत जाईन."

"म्हणजे कोणी विसरलं तर सेल रिकामे."

"विसराचं कायले?"

मी त्याला सांगितलं की इंजिन किसनबापूंचं आहे आणि किसनबापू एकदा स्वतःची चप्पल विहिरीवर विसरून अनवाणी बाजारात गेले होते. तो खूप हसला. मग पोत्यातला सेल पाहून गंभीर झाला. वरचं झाकण बोटानं पुसलं, नंबर वाचला. "हा ट्रकचा माल नाही जी. ट्रकच्या बॅटरीले एक जोरदार धक्का द्याचा राह्यते, इंजिन सुरू झालं की तिचं काम संपलं. हा रोज पोट खाली करून रोज जेवणारा गडी हाय. मले ह्याचं समजत नाही." थांबून म्हणाला, "जऊळक्याले हबीबचाचा राह्यते. तीस वर्षं रेल्वेच्या डब्यांखाली झोपून सेल भरले त्यानं. आता वावरात शेती करते. त्याले भेटा."

आपल्याला समजत नाही असं गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार मला या प्रवासात हा एकच भेटला. त्याच्याकडून मी डिस्टिल पाण्याची एक बाटली घेतली.

दुपारच्या गाडीला स्टेशनवर लवकर पोचलो. गाडी उभी राहिली तेव्हा मी डब्यात चढायच्या आधी डब्याखाली वाकलो. लाकडी पेटी होती, लोखंडी पट्ट्यांनी टांगलेली. झाकणाच्या फटीतून काळी बुचं दिसत होती. माझ्या पोत्यातल्या सेलचे सख्खे भाऊ. पलीकडं चाकाच्या दांड्यावरून पट्टा डायनॅमोवर गेलेला. आमचंच सगळं, फक्त इंजिनाच्या जागी गाडी.

गार्ड धावत आला. "काय पाहून राह्यले खाली?"

मी भोकाभोकांचं धोतर नेसलेला, हातात तेजाबाच्या वासाचं पोतं. खरं सांगितलं तरी पटणार नव्हतं, पण खरंच सांगितलं. पोतं उघडून दाखवलं. त्यानं सेल पाहिला, डब्याखाली पाहिलं. "आमचाच हाय का?"

"भंगारातून. पावती हाय." पावती वहीत होती, दाखवली.

"चढा," तो म्हणाला. "अन् वर चढल्यावर दिवे पाहा. गाडी हळू झाली की हे डोळे मिटतेत." मी पाहिलं. दिवसाही बोगद्यासारख्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक दिवा लागलेला होता. गाडीनं वेग घेतला की तो किंचित उजळे, पण एका हद्दीपुढं जात नसे. कोणती तरी डबी त्याला आवरत होती. मी जऊळका येईपर्यंत त्या दिव्याकडं पाहत राहिलो. बाहेर हरभरा घाटे धरून उभा होता, तो उतरल्यावर पाहिला.

जऊळका, बुधवार आणि गुरुवार

कामरगावात नवा माणूस आला की आधी आडनाव विचारतात. जऊळक्यात स्टेशनामुळं निराळी रीत आहे. पहिला प्रश्न "कोणत्या गाडीनं आले?" आणि दुसरा "कोणत्या गाडीनं जासान?" त्या दोन्हींच्या मधल्या वेळात तुम्ही कोण आहात याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. मला ही रीत पसंत पडली.

हबीबचाचांचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. साठी ओलांडलेले, उंच, डाव्या हाताच्या तीन बोटांची टोकं तेजाबानं पांढरी. अंगणात मिरच्यांचे वाफे होते आणि ते पाणी देत होते. माझं धोतर पाहूनच म्हणाले, "सेल आणला दिसते."

चाचींनी आतून एक पायजमा पाठवला. मी नको म्हटलं. चाचा म्हणाले, "घाला मियाँ. त्या जाळीत माशी अडकन." पायजमा मला चार बोटं लांब होता. तो दुमडून मी ओट्यावर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. डायनॅमो, तीन बल्ब, अकरा मुलं, शनिवार. मग चाचांनी सेलचं झाकण पुसलं, स्वतःची पिचकारी आणली, तेजाब ओढलं आणि ती माझ्या डोळ्यांपुढं धरली.

"वाचा."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. "अकराशे नव्वद."

"तुमच्या वहीत किती हाय?"

"सोमवारचा अकराशे पासष्ट. त्याआधी अकराशे त्रेसष्ट."

"मंग एस.टी.नं चार्ज केला काय हा?"

दोन दिवसांत त्या सेलला वीज लागली नव्हती. पिचकारी खोटी असेल म्हणून माझी काढली. तिनंही नव्वदच दाखवलं. मोजमापात माझी चूक काढणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता, आणि इथं सेलच ती काढत होता.

"तुमी मोजता कसं, करून दाखवा," चाचा म्हणाले.

मी दाखवलं. संध्याकाळी इंजिन थांबलं की आधी प्रत्येक सेलात डिस्टिल पाणी घालून पातळी खुणेपर्यंत आणायची, मग पिचकारीनं मोजायचं.

"रोज पाणी?"

"रोज. दोन-दोन चमचे. पातळी बरोबर पाह्यजे."

चाचांनी मिरच्यांकडं बोट केलं. "हा वाफा हाय काय, रोज पाणी द्याले? पाणी हलकं राह्यते, वरच थांबते. तुमी वरचं पाणी ओढून मोजून राह्यले, तेजाब खाली बसलं हाय. एस.टी.च्या रस्त्यानं ते घुसळलं, तवा खरा आकडा वर आला. दोन महिन्यांपासून तुमी सेल नाही मोजला, आपलं पाणी मोजलं."

मी वही उघडली, उघडायला तशी काही गरज नव्हती. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पानं चाळली. एका जागी थांबले. "हे लाल रेघेखाली काय हाय? अकराशे अठ्ठ्याऐंशी. इथं पुन्हा, अकराशे नव्वद. हे कोणाचे?"

"मुलीचे. बाजाराच्या दिवशी ती मोजते."

"खोडले कायले?"

"माझ्याशी जुळत नव्हते. मला वाटलं ती तरंगणीवरची तेजाबाची कड चुकीची वाचते. ती म्हणायची, दोनदा पाह्यलं बाबा."

"ती पाणी कवा घालते?"

मला ते आठवावं लागलं. तिनं एकदा सांगितलं होतं की आधी मोजून घेते, मग निवांत पाणी घालते. मी तेव्हा म्हटलं होतं की माझ्या पद्धतीनं कर. दर बाजारी एक, असे नऊ आकडे होते. नवांपैकी एकही अकराशे पंच्याऐंशीच्या खाली नव्हता. मी पाऊस मोजतो तेव्हा आधी मोजतो आणि मग भांडं रिकामं करतो. हे सोळा वर्षांच्या पोरीला कळलं आणि मला सेलजवळ बसल्यावर कळलं नाही.

चाचांनी वही परत दिली. "पोरगी काय शिकते?"

"मॅट्रिक. त्याच अकरांत हाय."

"मंग तिच्यासाठी डबी करू," ते म्हणाले.

पुढचं काम मी जितकं समजलो तितकं सांगतो. रेल्वेच्या या सेलांचं पोट बाराशे वीसलाच भरतं. बाराशे साठ हा ट्रकचा आकडा, तो आम्हाला लागूच नव्हता. म्हणजे आमचे सेल मेलेले नव्हते, नव्वदवर अडकलेले अर्धपोटी होते. अडकले कारण ट्रकची डबी साडेतेराला वीज आखडते. ट्रक दिवसभर पळतो, त्याला ते पुरतं. आमचं इंजिन चार तास. रोज रिकाम्या होणाऱ्या सेलाला चौदाच्या पुढं, साडेचौदाच्या जवळ चांगलं दाबून भरावं लागतं. आणि भरल्यावर तसंच दाबत राहिलं तर पाणी उकळून जातं, तेव्हा पुन्हा साडेतेराला आणावं लागतं. म्हणून आम्हाला हवी होती दोन हद्दी असलेली डबी, आणि त्यांच्यामधलं बटण फिरवणारा कोणी तरी, जो रोज मोजेल.

"मोठ्या डबीत हे आपोआप होते," चाचा म्हणाले. "पण आपोआप होणारी डबी बिघडली की गावात कोणाले कळत नाही. मोजणारं माणूस घरात असल्यावर बटणच चांगलं."

कारंज्याची डबी मी का घेतली नाही हे ऐकून त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. त्या दिवशी मला बरं वाटायचं तेवढंच कारण होतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी माझीच जुनी ट्रकची डबी उघडली. आतल्या कॉइलच्या वाटेत पितळी बटण आणि पांढऱ्या चिनी मातीवर गुंडाळलेल्या तारेचा तुकडा बसवला. बटण एका बाजूला असलं की वीज त्या तुकड्यातून जाते, कॉइल उशिरा ओढते आणि हद्द चढते. दुसऱ्या बाजूला केलं की पूर्वीची हद्द. इंजिन थांबलं की वाट आपोआप तोडणारा कट-आऊट तसाच ठेवला, त्यामुळं किसनबापू विसरले तरी चालेल. चाचांनी स्वतःच्या मीटरवर तीनदा तपासलं. वरची हद्द चौदा पूर्णांक चार, खालची साडेतेरा. मी दोन्ही आकडे वहीत लिहिले, आणि या वेळी ते वाचतानाच चाचांना दाखवून घेतले.

चाचींनी निघताना मेथी घातलेल्या जाड भाकरी आणि तव्यावर रगडलेला ठेचा बांधला. आमच्या ठेच्यात शेंगदाणे असतात, त्यात नव्हते. दुपारी तोंड पोळलं, पण तक्रार नाही. पायजमा परत पाठवतो म्हटलं तर चाचा म्हणाले, "राहू द्या. पोरीचा निकाल लागला की पेढ्यासंग आणजा."

परत

शुक्रवारी सकाळी दहाला गावात शिरलो. किसनबापू विहिरीवर होते.

"आबाजी, डबी आणाले गेले होते की लग्नाले?"

पायजम्याकडं सुजाताचंही लक्ष गेलं, पण तिनं आधी विचारलं, "डबी भेटली?"

"भेटली. इंजिन सुरू करा, बापू."

बटण वरच्या हद्दीला करून शुक्रवारचे चार तास आणि शनिवारी सकाळी पुन्हा साडेतीन तास सेल भरले. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास पहिल्यांदा सहाही सेलांतून बुडबुडे येऊ लागले, भात रटरटतो तसे. दोन महिन्यांत तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. सुजातानं दर अर्ध्या तासानं मोजलं. मी पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही.

दुपारी भंगारवाला तराजू घेऊन आला. दौलतराव आले, समिती आली, अकरापैकी नऊ मुलं आली. किसनबापू तर तिथंच होते. मी सुजाताला म्हटलं, "सगळ्यांसमोर मोज."

तिनं एकेक सेल मोजला आणि मोठ्यानं सांगितलं. बाराशे अठरा. बाराशे वीस. तिसरा, जो मेला म्हणत होते आणि जो माझ्यासोबत जऊळक्याला जाऊन आला, बाराशे सतरा. उरलेले तीन बाराशे वीस, अठरा, वीस.

"पण भरलेल्याचे बाराशे साठ पाह्यजेत ना?" दौलतराव म्हणाले.

"ते ट्रकचे," मी सांगितलं. "रेल्वेच्या सेलचे बाराशे वीस. हे भरले आहेत. विकायचे नाहीत." मग मी वही उघडली आणि लाल रेघांची पानं त्यांच्यापुढं धरली. दोन महिने मी पाणी घालून मोजत होतो, माझे सगळे आकडे चुकीचे आहेत, आणि बाजाराच्या दिवसांचे हे नऊ आकडे बरोबर आहेत, ते सुजाताचे आहेत, ते मी खोडले, हे सगळं मी उभ्यानं सांगितलं. सभेत बोलायची मला सवय नाही, पण यात लपवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मग किसनबापू म्हणाले, "म्हणजे आबाजीही चुकते. मी तं समजत होतो मीच एकटा हाय गावात." सगळे हसले, दौलतरावही. भंगारवाल्यानं तराजू खांद्यावर टाकला. "मंग गॅसबत्ती पाह्यजे का? माह्याकडं एक हाय."

शाईनं खोडलेलं पुन्हा उघडं करता येत नाही. मी त्या नऊ आकड्यांखाली नऊ वेळा "हा आकडा बरोबर आहे" असं लिहिलं आणि नऊ वेळा सही केली. सुजाता शेजारी उभी राहून पाहत होती. म्हणाली, "बाबा, एकदा लिहिलं असतं तरी चाललं असतं."

"नऊदा खोडले होते," मी म्हटलं.

आता एप्रिल आहे. परीक्षा झाली, निकाल अजून लागायचा आहे. त्या शनिवारपासून परीक्षेपर्यंत एकाही संध्याकाळी बल्ब तीन तासांआधी लाल पडले नाहीत, हे वहीत आहे. वहीच्या पुठ्ठ्यावर पूर्वी माझं नाव होतं, आता सुजाताचं आहे. पाणी मीच घालतो, आठवड्यातून एकदा, तिचं मोजून झाल्यावर. जऊळक्याचा पायजमा धुऊन, घडी करून ठेवला आहे.